शोधनिबंधातलं ‘सिग्निफिकंट’ : नेमकं किती, कुणासाठी?

रातपाळी
मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थीसिसचं ॲनालिसिस सुरू झालंय, जर्नल क्लबसाठी आठवड्याला दोन-तीन पेपर वाचावे लागतात, आणि एका शब्दाशी माझं रोज भांडण होतंय. सिग्निफिकंट.

एकाच पेपरात हा शब्द तीन ठिकाणी तीन कामं करतो. प्रस्तावनेत ‘या आजाराचा भार सिग्निफिकंट आहे’, म्हणजे मोठा. निकालात ‘फरक सिग्निफिकंट होता’, म्हणजे पी (उपचाराचा परिणाम नसतानाही असा फरक योगायोगाने दिसण्याचं प्रमाण) ०.०५ च्या खाली. आणि निष्कर्षात ‘रुग्णांमध्ये सिग्निफिकंट सुधारणा’. इथे तो आकड्याचा अर्थ घेऊन येतो आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात मोठेपणाचा अर्थ सोडून जातो. ॲब्स्ट्रॅक्टवरून प्रिस्क्रिप्शन लिहिणारे कितीतरी आहेत, त्यांच्यापर्यंत फक्त तिसरा पोचतो.

माझं म्हणणं असं की वैद्यकीय लेखनात हा शब्द एकाच अर्थासाठी राखून ठेवावा, नाहीतर सरळ टाकून द्यावा. तुम्हाला काय वाटतं?

आणि एक स्वार्थी प्रश्न. माझ्या मुख्य आउटकमचा, म्हणजे ज्यासाठी अभ्यास केला त्या मोजमापाचा, पी ०.०७ आलाय. गाइड म्हणतात, ‘सिग्निफिकन्सकडे कल दिसतो’ असं लिही. लिहू का?

कण्हेर
राखून ठेवावा याला +१. जामा या अमेरिकन वैद्यकीय जर्नलच्या गटातली जर्नल्स जी शैलीपुस्तिका वापरतात तिच्यात हेच सांगितलंय: संख्याशास्त्रीय अर्थ नसेल तर हा शब्द वापरू नका, ‘मोठा’, ‘महत्त्वाचा’ असं काय ते लिहा. नियम आहे, पाळतो कोण हा प्रश्न.

आकडेमोड्या
मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

०.०५ ही रेघ रुग्णालयात आखलेली नाही, शेतात आखलेली आहे. रोनाल्ड फिशर इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात खतांच्या प्रयोगांचे आकडे बघत होते. १९२५ च्या पुस्तकात त्यांनी वीसात एक ही मर्यादा धरायला सोयीची आहे असं लिहिलं. कारण साधं होतं, सरासरीपासून जवळजवळ दोन प्रमाणविचलनं (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप). शेतात पुढच्या हंगामात तोच प्रयोग पुन्हा करता येतो, आणि फिशरची अपेक्षाही तीच होती: एकदा रेघ ओलांडली म्हणजे पुन्हा करून बघण्यालायक काहीतरी आहे. रुग्णांवरच्या चाचणीत ‘पुन्हा करून बघू’ इतकं सोपं नसतं. तरी रेघ तीच आली, आणि वैद्यकात येऊन ती निकालपत्र झाली.

मूळ शब्दातही मोठेपणा नव्हता. हा फरक काहीतरी सांगतोय, नुसता योगायोग म्हणून सोडून देऊ नका, एवढंच. तो किती मोठा आहे यावर तो शब्द गप्प आहे.

मोहोळ
म्हणजे पी ०.०५ असेल तर औषध लागू पडतं याची ९५ टक्के खात्री, बरोबर ना? आम्हाला फार्मसीला असंच शिकवलंय.

आकडेमोड्या
नाही, आणि हा समज इतका पक्का बसलेला आहे की अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेला २०१६ मध्ये खास निवेदन काढून तो खोडावा लागला.

पी-व्हॅल्यू उलट्या बाजूने चालते. आधी धरून चालायचं की औषधाचा काहीच परिणाम नाही. तसं असतं, तर आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसला असता? ते प्रमाण म्हणजे पी. औषध खरोखर लागू पडण्याची शक्यता काढायची तर औषधाबद्दल आधीपासून काय माहीत आहे तेही हिशेबात घ्यावं लागतं. पी ते घेत नाही. ज्या शंभर औषधांतली पाचच कामाची निघणार अशा क्षेत्रात आणि ज्यात पन्नास निघणार अशा क्षेत्रात पी ०.०४ चा अर्थ सारखा नसतो.

सुपातले_दाणे
मोठेपणा आणि सिग्निफिकन्स यांच्यातली तफावत बघायची तर अमेरिकेतल्या डॉक्टरांवरची ॲस्पिरिनची चाचणी घ्या. २२,०७१ डॉक्टर, निम्म्यांना दिवसाआड ॲस्पिरिन, निम्म्यांना प्लासिबो (औषध नसलेली तशीच गोळी), सरासरी पाच वर्षं. हार्ट ॲटॅक ॲस्पिरिन गटात १३९, प्लासिबो गटात २३९. पी ०.००००१ पेक्षाही कमी. धोका ४४ टक्क्यांनी घटला, ही बातमी जगभर गेली.

आता तेच आकडे शंभर माणसांवर आणा. प्लासिबो घेणाऱ्या शंभरात पाच वर्षांत दोनाहून थोड्या जास्त जणांना ॲटॅक, ॲस्पिरिन घेणाऱ्या शंभरात सव्वा. म्हणजे एकाचा ॲटॅक टळावा म्हणून साधारण ११० निरोगी माणसांनी पाच वर्षं गोळी घ्यायची. हा फायदा खोटा नाही, मी त्याला हिणवत नाही. पण ‘अत्यंत सिग्निफिकंट’ हे ऐकून कुणाच्या मनात ११० हा आकडा येईल? पोटातल्या रक्तस्रावाचा हिशेब मांडल्यावर आता साठी ओलांडलेल्या निरोगी माणसाला ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नका असा अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या कृतिदलाचा सल्ला आहे (२०२२).

कण्हेर
याच जातीचं ऑन्कोलॉजीतलं उदाहरण. स्वादुपिंडाच्या प्रगत कर्करोगात जेमसायटबिन या केमोला एर्लोटिनिब या औषधाची जोड द्यायची का, अशी चाचणी झाली, ५६९ रुग्ण. मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याच्यापुढे जगले तो काळ) ५.९१ महिन्यांवरून ६.२४ महिने. पी ०.०३८. सिग्निफिकंट, आणि अमेरिकेत मान्यताही मिळाली. फरक काढा: महिन्याचा एक तृतीयांश, दहाएक दिवस. एक वर्ष पार करणारे १७ टक्क्यांवरून २३ वर गेले हेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. पण सोबत अंगावर पुरळ, जुलाब, आणि खर्च. दोन्ही बाजू टेबलावर ठेवल्या तर कुटुंब ठरवू शकतं. ‘सिग्निफिकंट फायदा’ एवढंच सांगितलं तर ठरवणं त्यांच्या हातातून गेलेलं असतं.

मंदा_कुलकर्णी_नव्हे
मी डॉक्टर नाही, पण कण्हेर यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. माझ्या दिरांच्या आजारपणात आम्हाला ‘या औषधाचा फायदा अभ्यासात सिद्ध झालाय’ असं सांगितलं गेलं. कर्करोगच होता, औषध वेगळं होतं. जावेने दागिने मोडले. किती फायदा, हे विचारायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. कुणी म्हटलं असतं की सरासरी काही आठवडे, तरी कदाचित आम्ही तोच निर्णय घेतला असता. माणूस आठवड्यांसाठीही सगळं देतो. पण दिरांना शेवटी गावी जायचं होतं, ते राहून गेलं. तुम्ही लोक लिहिता तेव्हा आमच्यासारखे शेवटच्या टोकाला असतात, तेवढं ध्यानात ठेवा.

रातपाळी
मंदाताई, ठेवीन. आमच्या वॉर्डात हे रोज घडतं, आणि सांगणाऱ्यालाही ‘किती’ ते बऱ्याचदा माहीत नसतं.

लॉक_झालं_का
इथे जरा उलट बाजू मांडते. हिंजवडीत क्लिनिकल ट्रायल्सचं एसएएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) प्रोग्रामिंग करते. रेघ काढून टाका म्हणणारे आमच्या कामाची जागा बघत नाहीत.

आमच्याकडे काय होतं ते सांगते. चाचणीचं सांख्यिकी नियोजन, ज्याला आम्ही सॅप म्हणतो, ते आधी सह्या होऊन बंद होतं. मुख्य आउटकम कोणता, कोणत्या दिवशी मोजायचा, गहाळ डेटाचं काय करायचं, रेघ कुठे, सगळं. प्रोग्रॅम खोट्या रँडमायझेशनवर, म्हणजे लटक्या गटवाटणीवर, लिहून तपासून ठेवतो. मग क्वेरी (डेटातल्या शंका) संपवून डेटाबेस लॉक, म्हणजे पुढे बदल बंद, आणि त्यानंतरच कोण कोणत्या गटात ते उघडतं. त्या रात्री टेबलं धावतात तेव्हा मुख्य टेबलाच्या शेवटच्या ओळीत जो आकडा येतो त्यावर कुणाचंही काही चालत नाही. प्रायोजकाचं नाही, आमचं नाही. रेघ नसेल तर दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा त्याचा निकाल लागेल.

२०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये सांख्यिकीय सिग्निफिकन्स निवृत्त करा असं आवाहन आलं, आठशेहून जास्त सह्या होत्या. त्याच वर्षी जॉन इओआनिडीस यांनी जामामध्ये उलट लिहिलं: आधी ठरवलेले नियम सोडले तर पक्षपाताला रान मोकळं होईल. बहुतेक प्रकाशित निष्कर्ष खोटे असतात असं २००५ मध्ये लिहिणारा हाच माणूस, त्यामुळे प्रस्थापितांची तळी उचलतोय असं कुणी म्हणू शकणार नाही. मी त्याच्या बाजूची आहे.

आणि रेघ सैल सोडली की काय होतं त्याचा सगळ्यात सुंदर पुरावा आयसिस-२ या चाचणीत आहे. १९८८, १७,१८७ रुग्ण, हार्ट ॲटॅकनंतर ॲस्पिरिन दिल्याने मृत्यू घटले, ११.८ टक्क्यांवरून ९.४ वर. ती छापणाऱ्या लॅन्सेट या जर्नलला उपगटांचे, म्हणजे रुग्णांच्या लहान लहान गटांचे, निकाल हवे होते. संशोधकांनी उपगट दिले, त्यांत एक राशींनुसार! मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना ॲस्पिरिनने थोडा तोटाच, बाकी दहा राशींना जोरदार, अतिशय सिग्निफिकंट फायदा. उपगट पाडत गेलं की काय हाती लागतं ते दाखवायला मुद्दाम छापलं होतं.

डोंगरवाट
आमच्या घरात दोन मिथुन, एक तूळ. गोळ्यांचा डबा बघून आलो, सगळ्यांच्या चालू आहेत :)

भाऊ_निफाडकर
पण ती रास सूर्यावरून, जन्मतारखेची. आपल्याकडे चंद्रावरून धरतात. त्या सतरा हजारांच्या पत्रिका आपल्या पद्धतीने मांडल्या असत्या तर?

लॉक_झालं_का
तर वेगळ्याच दोन राशी बाहेर पडल्या असत्या, आणि त्याही तितक्याच आत्मविश्वासाने! बारा गट पाडले की एखाददुसरा उलटा निघणारच. पेपरात राशीऐवजी ‘पासष्टच्या वरच्या मधुमेही स्त्रिया’ असं लिहिलेलं असतं म्हणून आपल्याला हसू येत नाही.

माधव_प्रभात_रोड
निवृत्त आहे, थोडं अवांतर चालवून घ्या.

रेघेवरून पुण्यात मोठा वाद झालेला आहे, आणि तो थेट पोटापाण्याचा होता. डॉ. पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. तिशीच्या दशकात लंडनला नेमन आणि एगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांकडे शिकले, म्हणजे सिग्निफिकन्सची चाचणी आज ज्या रूपात शिकवतात ती घडत होती त्या खोल्यांमध्ये. पुढे रोमला एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) सांख्यिकी विभागाचे संचालक झाले आणि नंतर पुण्याला परतले.

इकडे गोखले संस्थेत दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अभ्यास मांडला होता, रोज सरासरी २२५० कॅलरी हा आधार धरून. सुखात्म्यांचा आक्षेप असा की सरासरी ही रेघ होऊच शकत नाही. एकाच माणसाची गरजही दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते, शरीर जुळवून घेतं. म्हणून सरासरीतून दोन प्रमाणविचलनं वजा करा आणि त्याखालच्यांनाच कुपोषित धरा. रेघ खाली सरकली की कुपोषितांची संख्या एकदम घटते. दांडेकरांनी आणि इतरांनी त्यावर कडाडून टीका केली: शरीर जुळवून घेतं म्हणजे नेमकं काय गमावून घेतं ते तुम्ही मोजलंत का?

मला दोघांबद्दल आदर आहे, पण या प्रश्नात मी दांडेकरांकडे झुकतो. ‘दोन प्रमाणविचलनं’ हे ऐकायला गणित वाटतं. ते दोनच का, याचं उत्तर गणितात नसतं. त्या रेघेखाली कुणाचं मूल येतं आणि कुणाचं नाही, ते मात्र तिथेच ठरतं.

आकडेमोड्या
माधवकाका, हा प्रतिसाद साठवून ठेवतोय. पुण्याचाच आणखी एक धागा जोडतो. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभारणारे प्रा. व. शं. हुजूरबाजार हे कोल्हापूरचे, आणि केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांचे विद्यार्थी. जेफ्रीज म्हणजे नेमकी पी-व्हॅल्यूवरच टीका करणारा माणूस. त्यांचा आक्षेप असा की जे निकाल प्रत्यक्ष दिसलेच नाहीत (‘त्याहून मोठा फरक’) त्यांच्या जोरावर एखादं गृहीतक नाकारणं विचित्र आहे. मी वर मोहोळ यांना लिहिलेली व्याख्या पुन्हा वाचा, म्हणजे आक्षेप कुठे बसतो ते कळेल. आपल्याकडे दोन्ही घराण्यांचं पाणी पोचलेलं आहे.

वऱ्हाडी_स्टेथो
सगळे जण सिग्निफिकंट आलेल्याबद्दल बोलून राहिलेत. मला जास्त धोका ‘नॉन-सिग्निफिकंट’चा वाटतो. पेपरात ‘फरक सिग्निफिकंट नव्हता’ असतं आणि चर्चेपर्यंत येता येता त्याचं ‘फरक नव्हता’ होतं. आल्टमन आणि ब्लँड यांनी १९९५ मध्येच बीएमजेत बजावलं होतं की पुरावा नसणं म्हणजे परिणाम नसल्याचा पुरावा नव्हे.

कोविडचं घ्या. रिकव्हरी चाचणी, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्के. यापेक्षा स्वच्छ निकाल माझ्या हयातीत थोडे पाहिले. पण त्याच टेबलात तिसरी ओळ होती, ऑक्सिजन न लागणाऱ्यांची. स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू १७.८, न दिलेल्यांत १४.०. तुलनात्मक दर १.१९ (१ म्हणजे दोन्ही गट सारखे), आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा, साधारण ०.९ ते १.५५. एकाला ओलांडतो, म्हणजे नॉन-सिग्निफिकंट. आता हा इंटरव्हल डोळे उघडून वाचा. फायदा असलाच तर दहा टक्क्यांच्या आसपास, नुकसान मात्र पंचावन्न टक्क्यांपर्यंत असू शकतं. हा आकडा ‘चालतं’ म्हणत नाही, ‘हात आवर’ म्हणतो.

आणि २०२१ च्या लाटेत आम्ही काय बघितलं? घरी असलेल्या, ऑक्सिजन ९७ असलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी स्टेरॉइड. साखर चारशे. मग म्युकरमायकोसिस. नागपुरात डोळे काढावे लागलेले पेशंट मी बघितलेत. कारणं अनेक होती, अनियंत्रित मधुमेह त्यात मोठं. एका टेबलातल्या एका ओळीवर सगळं ढकलत नाही. पण ती ओळ जून २०२० पासून सगळ्यांसमोर होती.

कण्हेर
वऱ्हाडी, हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. म्हणूनच मला लॉक_झालं_का यांचं पूर्ण पटत नाही. रेघ मुख्य आउटकमपुरती ठीक. दुष्परिणामांना तीच रेघ लावली तर अनर्थ होतो, कारण तेवढे रुग्ण कुठल्याच चाचणीत नसतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही हे गेलं होतं, २०११. नाकात घ्यायच्या सर्दीच्या औषधाने वास जातो अशा तक्रारी आल्या होत्या. कंपनीचा बचाव असा की तक्रारी सांख्यिकीयदृष्ट्या सिग्निफिकंट नाहीत, त्यामुळे गुंतवणूकदारांना सांगायची गरज नव्हती. न्यायालयाने तो एकमताने फेटाळला.

लॉक_झालं_का
दुष्परिणामांबद्दल मान्य. आमच्या सेफ्टीच्या टेबलांत बहुतेक वेळा पी-व्हॅल्यू नसतेच, नुसती संख्या आणि टक्केवारी. माझा आग्रह मुख्य आउटकमपुरताच.

पान_सात
एका दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत आहे. आमच्याकडे प्रेस नोट येते त्यात सिग्निफिकंट असतं, डेस्कवर त्याचं ‘लक्षणीय’ होतं, मथळ्यात ‘रामबाण’ व्हायला वेळ लागत नाही. पाठ्यपुस्तकातला ‘सार्थक’ वाचकाला कळत नाही. मी अलीकडे शब्दच गाळते आणि लिहिते, ‘शंभरातल्या अमुक जणांऐवजी तमुक जणांना’. त्यासाठी मूळ पेपरात शंभरातले किती ते सापडायला लागतं. दर वेळी सापडत नाही, ही माझी या व्यवसायातल्या लोकांविरुद्ध तक्रार आहे.

रातपाळी
सगळ्यांचे आभार. वऱ्हाडी सर, ते टेबल उद्याच जर्नल क्लबला घेते. पण माझा ०.०७ तसाच राहिलाय. गाइडना नाही कसं म्हणू तेही सांगा, सही त्यांची हवी आहे.

आकडेमोड्या
‘सिग्निफिकन्सकडे कल’ लिहू नका. पी कुठे चाललेला नसतो. आणखी रुग्ण घेतले असते तर तो खाली आला असता की वर गेला असता हे आज कुणीच सांगू शकत नाही. ‘फरक नाही’ असंही लिहू नका, ते तितकंच चूक. ०.०७ आणि ०.०४ देणारे दोन अभ्यास एकमेकांशी अगदी सुसंगत असू शकतात.

लिहायचं ते असं: दोन गटांत एवढा फरक दिसला, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल इथून इथपर्यंत, पी ०.०७. मग पुढच्या वाक्यात त्या इंटरव्हलची दोन्ही टोकं रुग्णाच्या भाषेत. या टोकाला फायदा जवळजवळ शून्य, त्या टोकाला इतका की उपचार बदलावा. आमचा अभ्यास यातलं एक निवडण्याइतका मोठा नव्हता. बस्स. यात कुठेही सिग्निफिकंट लागत नाही, आणि परीक्षकाला प्रश्न विचारायला जागाही राहत नाही.

वऱ्हाडी_स्टेथो
गाइडचं असं: वाद घालू नका, ड्राफ्ट दाखवा. मीही गाइड आहे. इंटरव्हल आणि त्याचा क्लिनिकल अर्थ नीट लिहून आणलेला विद्यार्थी समोर आला की ‘कल’ आपोआप गळतो. शिवाय फायदा किती असला तर तुम्ही उपचार बदलाल, हा आकडा त्यांनाच विचारा. तो त्यांच्या अनुभवातून येईल आणि वाक्य त्यांचंही होईल.

लॉक_झालं_का
आणि एक काम आजच करा. इंटरव्हेन्शन (रुग्णांवर काही उपचार करून बघणं) असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी केली असणारच. तिथे मुख्य आउटकम आणि तो मोजायचा कालावधी काय लिहिलाय ते उघडून बघा. बारा आठवडे लिहिलं असेल आणि ०.०७ बारा आठवड्यांचा असेल, तर तोच पहिल्या टेबलात. सहा आठवड्यांचा ०.०३ आलाय म्हणून तो वर घ्यायला कुणी सांगेल. परीक्षकाने नोंदणी क्रमांक टाकून बघितला तर पाच मिनिटांत कळतं.

रातपाळी
बघितलं, बाराच आहे. आणि हो, सहाचा कमी आलाय.

लॉक_झालं_का
मग तो दुय्यम आउटकममध्ये, इंटरव्हलसकट, आणि ॲब्स्ट्रॅक्टच्या निष्कर्षात नाही. शंका आली तर इथेच लिहा, टेबलाची रचना मी बघून देईन. फक्त रुग्णांची ओळख पटेल असं काही टाकू नका.